चढताना कर्र, उतरताना कर्र

बोरवाडीच्या फाट्यावर यष्टी थांबली खरी, पण गुलाबच्या डोक्यावरचे अंड्यांचे ट्रे बघून कंडक्टरनं उघडलेलं दार पुन्हा ओढून घेतलं.

"अंडी घेऊन चढायचं न्हाय, बाई. एक फुटलं की सगळ्या गाडीला वास."

"फुटत न्हायत. मांडीवर धरते की मी."

"मांडी तुमची, पण गाडी सरकारची," तो म्हणाला आणि त्यानं घंटीची दोरी ओढली.

यष्टी उमरग्याकडं निघून गेली. मागं राहिलं वैशाखाचं ऊन, धूळ आणि धुळीत उभी गुलाब. आणि मग त्याच धुळीतून एक जीप हळूहळू पुढं आली, तिच्यासमोर येऊन थांबली. दारावर ताज्या रंगानं 'जिल्हा कुक्कुटपालन सहकारी संघ' असं लिहिलं होतं. चालवणाऱ्याच्या गळ्यात पांढरा रुमाल होता आणि मिशीखाली हसू… दिसेल न दिसेल एवढंच.

"संघाची अंडी का?"

"अंडी कोंबडीची हायत. संघ नुसता नेतो."

हसू थोडं रुंद झालं. "मी बब्रुवान. संघाचा नवा डायवर. तुमच्याच गावाला निघालो होतो, पर ह्या रस्त्यानं उशीर केला. खडी हाय का काय ही? रस्त्यानं नुसते दात काढलेत."

"त्या खडीला नावं ठेवू नका. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं फोडलेली हाय ती."

बब्रुवान खाली उतरला. तिचे ट्रे त्यानं दोन्ही हातांनी घेतले, मागच्या बाकावर नीट ठेवले, ती त्यांच्याशेजारी बसल्यावर जीप सुरू केली आणि इतकी हळू चालवली, की शेजारून एक बैलगाडी पुढं निघून गेली.

"अवो, संध्याकाळ होईल अशानं," गुलाब म्हणाली.

"होऊ द्या. तुमच्या आईच्या खडीवरनं चाललोय… जपूनच जायला पायजे."

तिनं तोंड बाहेर वळवलं. हसू येत होतं, ते त्याला कशाला दाखवायचं?

*

त्या सालीही पाऊस रुसलेलाच होता. विहिरी तळाला गेल्या होत्या, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. कोंबडीला मात्र मूठभर दाणे आणि वाटीभर पाणी पुरतं. म्हणून बोरवाडीच्या बायकांनी अंड्यांची सोसायटी काढली होती. पुतळाबाई तिच्या अध्यक्ष. लिहिता-वाचता येणारी गुलाब अंडी गोळा करायची, ट्रेमध्ये लावायची आणि संघाच्या उमरग्याच्या केंद्रावर पोचती करायची.

सोसायटीची एक रीत होती. प्रत्येक घरच्या अंड्यावर त्या त्या घरचा ठिपका. कुणाचा काजळाचा, कुणाचा गेरूचा, कुणाचा हळदीचा. गुलाबच्या आईचा, मालनबाईंचा ठिपका निळीचा. वाटेत अंडं फुटलं तर ज्या घरचा ठिपका, त्या घरचं नुकसान. त्यावर भांडण नाही. जीपमध्ये मागच्या चाकावर जिथं सगळ्यात जास्त हादरा बसतो, तिथंही कुणाचा तरी ट्रे ठेवावाच लागे. तिथं गुलाब गुपचूप निळीचा ट्रे ठेवायची. आपल्या हातानं दुसऱ्याचं अंडं कसं फोडायचं?

सोमवारी आणि गुरुवारी जीप यायची. पुढची जागा पुतळाबाईंची, त्या आल्या नाहीत तर रिकामी. गुलाब मागं, अंड्यांजवळ.

आणि समोर तो चौकोनी आरसा. पहिल्या आठवड्यात त्या आरशात मागचा रस्ता दिसायचा. दुसऱ्या आठवड्यात अंडी दिसायला लागली. मग कधीतरी गुलाबनं सहज वर पाहिलं, तर आरशात दोन डोळे होते… आणि ते अंड्यांकडं बघत नव्हते.

"आरसा वाकडा झालाय तुमचा," ती म्हणाली.

"अंड्यांवर लक्ष ठेवाया केलाय."

"अंड्यांवर मी हाय की."

"तुमच्यावर कोण हाय मग?"

गुलाबनं पदर सारखा केला. त्या दिवशी केंद्रावर अंडी मोजताना ती तीनदा चुकली.

*

एका गुरुवारी अंडी उतरवून होताच जीपचा मागचा पाटा मोडला. पाटा म्हणजे चाकाच्या वर एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्या झेलतात, वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि खड्ड्याचा मार वर बसणाऱ्यापर्यंत पोचू देत नाहीत. बब्रुवाननं जीप कशीबशी हायवेच्या कडेला सोमलिंग मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. दुपारी रिकामे ट्रे घेऊन गुलाब तिथं पोचली.

गॅरेजच्या कोपऱ्यात हातपंप होता. गाड्या धुतलेलं पाणी जिथून वाहायचं, तिथं अबोलीची झाडं फुललेली होती. सगळ्या तालुक्यात हिरवं पान दिसत नव्हतं, आणि इथं अबोली. ती फुलं एका लांब वेणीत माळलेली होती. वेणी मिस्त्रींच्या मुलीची, मल्लम्माची.

जीप जॅकवर उंच उचललेली, मागची चाकं हवेत लोंबत होती. बब्रुवान बाह्या सारून खाली वाकलेला. मल्लम्मा बोल्ट आवळायचे पाने हातात घेऊन शेजारी. ती काहीतरी बोलली, आणि बब्रुवान हसला. मोठ्यानं. मान मागं टाकून.

गुलाब जागीच थांबली. माझ्याकडं बघून हा कधी असा हसला नाही. माझ्याकडं बघून नुसता मिशीत हसतो. मिशीतलं हसू फुकट मिळतं, असलं हसू मिळवावं लागतं… तिला वाटलं.

"या अक्का, बसा," मल्लम्मानं हाक मारली. "अप्पा सोलापूरला गेल्यात. दुरुस्तीच्या खड्ड्यावर ट्रक हाय, म्हनून जीप जॅकवर घेतली. लई टाइम हाय अजून."

अक्का. ही काय पाळण्यातली होती?

"बसायला फुरसत न्हाय मला. यष्टी गाठायची हाय."

बब्रुवान उठून उभा राहिला. गालावर ग्रीसचा पट्टा. "यष्टी कामून? थोडं थांबा, मी सोडतो की."

"तुमचं चालू द्या. चांगलं चाललंय. रिकाम्या ट्रेला कंडक्टर न्हाय म्हणत न्हाय."

आणि ती वळून चालू लागली. मागं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तसं ठरवल्यावर मान किती दुखते, ते तिला त्या दिवशी कळलं.

स्टँड दिसायला लागला, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. जीप. बब्रुवान घामानं निथळत होता, गालावरचा पट्टा तसाच.

"चला. झाली गाडी."

"लई टाइम होता ना?"

"झाली."

गुलाब गप्प चढली. तिचं वजन पडलं आणि जीपच्या पोटातून आवाज आला—कर्र.

*

त्या दिवसापासून नव्या पाट्यांची ती जीप जुन्या गाडीपेक्षा वाईट चालायला लागली. प्रत्येक खडा अंगात शिरायचा. पाटे वाकायचं नावच घेत नव्हते, आणि वरून कर्र, कर्र, कर्र. मोडलेल्या पाट्यावर फुटली नसतील एवढी अंडी नव्या पाट्यावर फुटायला लागली. निळीच्या ठिपक्याची सगळ्यात जास्त.

बब्रुवान सारखा गॅरेजात जायला लागला. सोमलिंग मिस्त्रींनी आधी चाकांची हवा बघितली. जास्त होती, कमी केली. आवाज तसाच. मग ग्रीस दिलं. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा कर्र. मग हादरे शोषणारे शॉकॉप काढून हातानं दाबून बघितले. चांगले होते. बोल्ट बघितले. घट्ट होते.

"बोल्ट घट्ट हायत, पाटे नवे हायत," बब्रुवान कपाळ पुसत सांगायचा. "मिस्त्री बी चक्रावल्यात. उद्या पुन्हा बोलावलंय."

"मिस्त्रींनी बोलावलंय?" गुलाब विचारायची.

"मग कुणी?"

"मी कुठं काय म्हणलं?"

एकदा पुढच्या जागेवर अबोलीचं एक फूल पडलेलं दिसलं. ज्या जागेवर गुलाब आजवर कधी बसली नव्हती, त्या जागेवर.

"हे कुणाचं?"

"मल्लम्माचं असंल. आवाज कुठनं येतो ते ऐकाया बसली होती. नारंगवाडीच्या रस्त्याला चक्कर मारून आलो."

"ऐकू आला?"

"न्हाय. कवा पुढनं वाटतो, कवा मागनं."

"मग अजून एक चक्कर मारायची. दोन मारायच्या. घाई काय हाय."

आरशातल्या डोळ्यांना काही समजलं नाही, की समजूनही ते गप्प बसले, कोण जाणे.

पुढच्या सोमवारी मागच्या चाकावर एक नवी वाकळ अंथरलेली होती. जाड, मऊ, इरकली लुगड्यांच्या तुकड्यांची, बारीक टाक्यांची. त्या गॅरेजच्या घराशिवाय असली लुगडी गुलाबनं कुणाच्या अंगावर पाहिली नव्हती. बब्रुवान म्हणाला, "अंड्यांखाली टाका." तिनं ती घडी करून बाकाखाली ढकलली आणि निळीचा ट्रे उघड्या पत्र्यावर ठेवला.

त्या दिवशी निळीच्या ठिपक्याची एवढी अंडी फुटली, की मालनबाईंनी ट्रेकडं पाहिलं, मग मुलीकडं पाहिलं आणि गुपचूप त्यांचं कालवण केलं.

पुतळाबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"गुलाब, त्या डायवरसंग तुझं काय बिनसलंय?"

"माझं काय बिनसायचं, मावशी?"

"मग त्याचं नाव निघालं की सुपातली जवारीबिवारी इतकी आपटून का पाखडतीस? त्या दाण्यानं काय केलंय तुझं?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चेअरमन आण्णासाहेबांचा निरोप हाय. संघाला दवाखान्याची, वसतिगृहाची मागणी आलीय. फुटकी अंडी चालायची न्हायत. ह्या महिन्यात आवाज गेला न्हाय, तर ही जीप भूमकडं देणार. तिकडं खाद्याची पोतीच न्यायची हायत. आपल्याला दुसरी गाडी."

"आन्… डायवर?"

"डायवर गाडीसंगं जातो. नवरीसंगं पाठराखीण जाती, तसा."

भूम. जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथल्या माणसानं सोमवारी आणि गुरुवारी बोरवाडीच्या आरशात डोकावायचं म्हटलं, तरी जमायचं नाही.

गुलाब सुपात बोटं फिरवत राहिली. भूमला गेला, तर मल्लम्माही सुटेल त्याची आणि आपणही. हा विचार करून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

*

तिनं मनाशी एक ठरवलं. हा आवाज खरा आहे, की गॅरेजात जायला काढलेलं निमित्त, हे आपणच धरायचं. मल्लम्माला पुढं बसून ऐकू येत नाही ना? मग मागं बसणाऱ्याला काय येतं ते बघू.

मत्सर वाईट खरा, पण त्याचे कान फार तिखट असतात. गुलाब चालत्या गाडीत डोळे मिटून ऐकायला लागली. चढावर ऐकलं, उतारावर ऐकलं. भरलेल्या ट्रेंनी ऐकलं, रिकाम्या ट्रेंनी ऐकलं. आणि एक दिवस जीप अंगणात नुसती उभी असताना, इंजिन बंद असताना, ती ट्रे ठेवायला चढली. कर्र. ती उतरली. कर्र. पुन्हा चढली, पुन्हा उतरली.

"काय चाललंय?" बब्रुवाननं विचारलं.

"तुमचा खोटेपणा धरतेय."

"माझा?"

"आज अंडी उतरवायच्या आधी गॅरेजात चला. भरल्या गाडीनं. मी येणार हाय संगं."

"तुमी?" त्याच्या आवाजात आनंद होता की भीती, ते तिला ठरवता आलं नाही. तिनं भीती धरली.

*

गॅरेजचा खड्डा त्या दिवशी मोकळा होता. सिमेंटनं बांधलेला, माणूस उभा राहील एवढा खोल. गाडी वर चाकांवर उभी करायची आणि आपण खाली उतरून पोटाकडनं बघायचं. बब्रुवाननं जीप बरोबर त्याच्यावर आणली. मल्लम्मा ओले हात पुसत आली. आज वेणीत अबोली नव्हती. गुलाबनं ते आधी पाहिलं.

"मिस्त्री," गुलाब म्हणाली, "ह्यांना पुढनं ऐकू येतं, मागनं ऐकू येतं. मला एकच ठावं हाय. गाडी उभी असली तरी वाजती. मी चढले की कर्र, उतरले की कर्र. चाक फिरायची गरजच न्हाय तिला. मग हवा बघून आन् चकरा मारून काय सापडायचं?"

तिला वाटलं होतं, सगळे खाली बघतील. पण सोमलिंग मिस्त्रींनी हातातली विडी विझवली.

"पुन्हा चढ, पोरी."

ती चढली. कर्र.

"उतर."

कर्र.

मिस्त्री खड्ड्यात उतरले. बऱ्याच वेळानं खालून त्यांचा आवाज आला. "बब्रुवान, हे बोल्ट कुणी आवळले?"

"म्या."

"घट्ट हायत ते म्या बी बगितलं. कवा आवळले, ते इचारायचं ऱ्हायलं. गाडी खाली चाकावर होती का वर जॅकवर?"

बब्रुवान कोपऱ्यातल्या जॅककडं बघायला लागला.

"अप्पा, मी सांगितलं होतं," मल्लम्मा म्हणाली. "ढिले ठेव, अप्पा आल्यावर गाडी खाली उतरवून आवळतील, असं. मग मी चहा टाकाया आत गेले, आन् भायेर येते तर गाडीच न्हाय. मला वाटलं, दुसरीकडं कुठं तरी आवळून घेतले असतील."

"जॅकवर होती," बब्रुवान हळूच म्हणाला.

मिस्त्री वर आले. त्यांना राग आला नव्हता, उलट हरवलेली वस्तू सापडल्यासारखे ते दिसत होते. त्यांनी बादलीतलं ओलं फडकं उचलून गुलाबच्या हातात दिलं.

"दोन्ही हातांनी पीळ. अजून. आता असंच धरून बोरवाडीपर्यंत चालत जा बरं."

"हात मोडतील की."

"मग गाडीचे मोडत नसतील? पाट्याच्या टोकाला रबराचा बुश असतो. पाटा हालतो तसा तो थोडा पिळतो, पुन्हा सुटतो. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबत्या जागेलाच धरून बसतं. मग गाडी खाली आली, भार आला, की त्याला पीळ बसतो तो बसतोच. पाट्याला वाकू देत न्हाय आन् सारखं कुरकुरतं. भार घेऊन उभी ऱ्हाती ना गाडी, तवाच आवळायचं असतं." त्यांनी बब्रुवानकडं पाहिलं. "तुला एवढी कसली घाई झाली होती रे?"

बब्रुवाननं गळ्यातला रुमाल सोडला, पुन्हा बांधला. आणि मग त्यानं गुलाबकडं पाहिलं. आरशातून नाही. सरळ.

गुलाबच्या हातातलं पिळलेलं फडकं आपोआप सुटलं.

त्या दिवशी ती निघून गेली होती. स्टँडपर्यंतसुद्धा पोचली नव्हती, तोवर तो मागं आला होता. घामानं निथळत, गालावर ग्रीस. म्हणजे हा आवाज… हा सगळा आवाज…

"बस वर," मिस्त्री म्हणाले. "अंडी आन् तू, भार असाच ऱ्हाऊ दे. बब्रुवान, उतर खाली. तूच ढिले कर आन् तूच आवळ."

मल्लम्मानं पाना पुढं केला. बब्रुवाननं तो घेतला, पण तिचा हात घटकाभर तसाच पुढं राहिला, आणि तेवढ्यात तिच्या डोळ्यांत काहीतरी आलं नि गेलं. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. गुलाबला दिसलं. इतके दिवस तिनं तेच तर स्वतःच्या छातीत सांभाळलं होतं.

"हलू नका, अक्का," मल्लम्मा म्हणाली. "चला अप्पा, चहा टाकते. ह्यांचं ह्यांना करू द्या."

*

गॅरेजात दुसरं कुणी उरलं नाही. वर गुलाब, मांडीवर निळीच्या ठिपक्याचा ट्रे घेऊन. खाली, पत्र्यापलीकडं, बब्रुवान. पाना फिरल्याचा आवाज आला. जीप एकदा हलकेच खाली बसली, दमलेलं माणूस भिंतीला टेकून बसावं तशी.

"गुलाबबाई."

"काय?"

"हलू नका."

"हललेच न्हाय मी."

पाना एकदा फिरला. मग—

"त्या दिशी तुमी निघाला. म्या म्हणलं, यष्टी सुटंल."

"सुटू द्यायची यष्टी."

"यष्टीत तुमी असता की."

तिनं ट्रे घट्ट धरला. तोंड दिसत नसलं की माणसाला किती बोलता येतं.

"आन् हसत काय होता तिच्यासंगं? मान मागं टाकून?"

"ती इचारत होती, जीपमधी मागं कोण बसतं. म्या म्हणलं, अंडी." खालून खोकल्याचा आवाज. "ती म्हणली, अंड्यांसाठी कुणी आरसा फिरवत न्हाय."

गुलाबला वर आरशात बघायचं धाडस झालं नाही.

"आन् वाकळ?"

"सिद्धम्मा मावशीकडनं शिवून घेतली, मल्लम्माच्या आईकडनं. निळीच्या ट्रेखाली टाकाया. तुमी तो रोज चाकावरच ठेवता. दुसऱ्याचा ठेवत न्हाय. रोज तुमचीच फुटत्यात. म्या बगतो ते."

ती वाकळ अजून बाकाखाली होती, घडी केलेली. धुळीनं भरलेली. गुलाबनं एका हातानं ती ओढून काढली, झटकली आणि मांडीवरचा ट्रे अलगद तिच्यावर ठेवला.

"हललात तुमी," खालून आवाज आला.

"जरासं."

पाना पुन्हा फिरला. या वेळी सावकाश.

"भूमला धाडलं तर जावं लागंल मला," तो म्हणाला. "पर तिकडं आरसा रस्त्यावरच ऱ्हाईल माझा. गुलाब…" पुढचं 'बाई' आलंच नाही. "तुझ्या आईला भेटाया येऊ का मी?"

ती बोलायला गेली… आणि कपबश्या वाजल्या. मिस्त्री दारात उभे होते. "झालं का रे? आवाज गेला म्हनून आण्णासाहेबांना नुसतं माझ्या शब्दावर सांगू नका. ह्याच अंड्यांनी फाट्यापर्यंत खडीवर जाऊन या. गाडीच काय ते सांगंल."

निघताना गुलाब मल्लम्माजवळ गेली. "अबोलीचं एखादं रोप देशील?"

"देते की. पर पाणी कुठलं घालशील, अक्का?"

"कोंबड्यांच्या वाटीत उरंल तेवढं."

मल्लम्मा हसली. मुळासकट एक रोप उपटून तिनं ओल्या फडक्यात बांधलं. त्याच फडक्यात.

*

जीप खडीवर आली. खड्डा आला, पाटे वाकले, सरळ झाले. गुलाबनं कान दिले. काही नाही. नुसती चाकाखालची खडी आणि वारा. इतके दिवस त्या कुरकुरीच्या आड बोलायचं टाळता येत होतं. आता तो आडोसाच उरला नव्हता.

बब्रुवाननं एकदा विचारलं होतं, आता तो पुन्हा विचारणार नव्हता. आरशात त्याचे डोळे यायचे आणि लगेच रस्त्यावर जायचे.

फाट्यावरची ती जागा आली, जिथं एकदा यष्टी तिला टाकून गेली होती. गुलाबनं ओठ आवळले, आणि घशातून आवाज काढला—

"कर्र."

जीप जागच्या जागी थांबली. बब्रुवानचा चेहरा उतरला होता. "ऐकलंत? पुन्हा आला. मागनंच आला."

"व्हय. बगा बरं खाली."

तो उतरला, धुळीत पाठ टेकून जीपखाली सरकला. वरून त्याचे फक्त पाय दिसत होते. पाट्यावर हात मारून बघत असल्याचा आवाज येत होता.

"बोल्ट तर घट्ट हाय. काय कळंना…"

"बब्रुवान."

"हां?"

"रविवारी या. आई घरी असती." ती थांबली. दुपारचं ऊन होतं, आणि तरी गाल जास्तच तापले होते. "आईपुढं खडीला नावं ठेवू नका, म्हंजे झालं."

पाट्यावर मारणारा हात थांबला. मग ठण्णकन डोकं पाट्यावर आपटल्याचा आवाज आला.

"लागलं का?"

"न्हाय," खालून उत्तर आलं. त्या 'न्हाय'मध्येच हसू होतं. आणि मग ते बाहेर फुटलं. मोठ्यानं. मान मागं टाकायला खाली जागा नव्हती, तरीही.

तो धुळीनं माखून वर आला, तेव्हा मागचा बाक रिकामा होता. गुलाब पुढच्या जागेवर बसली होती, मांडीवर अबोलीचं रोप.

"आन् अंडी कोण धरंल?"

"वाकळ हाय की."

तो बसला. सवयीनं त्यानं आरशाकडं पाहिलं. आरशात आता नुसती अंडी होती. काजळाच्या, गेरूच्या, हळदीच्या, निळीच्या ठिपक्यांची, सगळी साबूत. बब्रुवाननं हात वर केला, आरसा रस्त्याकडं फिरवला आणि गाडी सुरू केली.